हिंगोलीचं आभाळ आणि पाच वॅट

हिंगोली जिल्ह्याचं नाव अलीकडे ज्या कारणाने बातम्यांत येतं, ते ऐकून जिल्ह्यातल्या माणसाला आधी हसू येतं. औंढा नागनाथ तालुक्यात, दुधाळ्याच्या शिवारात, गुरुत्वीय लहरी टिपणारी ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा उभारली जाणार आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने तिला तत्त्वतः मान्यता दिली आणि एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला अंतिम मंजुरी मिळाली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, त्यांत निर्वात नळ्या, नळ्यांतून लेझरचा झोत. आणि मोजायचं काय, तर भुजेच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाएवढा पडणारा फरक. इतकं बारीक मोजायचं तर जमीन शांत हवी. मोठे कारखाने नकोत, रात्रंदिवस धावणारी अवजड वाहनं नकोत, समुद्राचा धक्का लांब हवा. ‘आमच्याकडे काही नाही’ हे आपण १ मे १९९९ ला परभणीतून वेगळे झालो तेव्हापासून, खरं तर त्याच्या कितीतरी आधीपासून, म्हणत आलो. शास्त्रज्ञांना नेमकं तेच काही नसणं हवं होतं.

हे पुस्तक त्या वेधशाळेबद्दल नाही. ज्याला २,६०० कोटी लागत नाहीत, एका दुचाकीच्या हप्त्यांत जे बसतं, अशा ऐकण्या-बोलण्याबद्दल आहे: पाच वॅट किंवा त्याहून कमी शक्तीवर शॉर्टवेव्हवरून जगाशी बोलण्याबद्दल. हॅम लोक, म्हणजे हौशी रेडिओवाले, याला क्यूआरपी म्हणतात. पण सुरुवात दुधाळ्यापासून केली, कारण या दोन गोष्टींना जोडणारा एक माणूस आहे.

जो टेलर हे त्यांचं नाव. १९७४ साली रसेल हल्स या आपल्या विद्यार्थ्याबरोबर त्यांनी एकमेकांभोवती फिरणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्यांची एक जोडी शोधली. त्यातला एक तारा पल्सार, म्हणजे ठरावीक ठेक्यात रेडिओ स्पंद सोडणारा. पुढे वर्षानुवर्षं नोंदी ठेवल्यावर दिसलं की जोडीची कक्षा आक्रसते आहे, आणि आइन्स्टाइनच्या गणिताप्रमाणे गुरुत्वीय लहरींतून ऊर्जा निघून गेल्यास जितकी आक्रसायला हवी तितकीच आक्रसते आहे. गुरुत्वीय लहरींचा तो पहिला पुरावा, अप्रत्यक्ष पण भक्कम. १९९३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल दोघांना मिळालं. हे टेलर शाळकरी वयापासून हॅम. गोंगाटात बुडालेला पल्सारचा स्पंद वर काढायची विद्या त्यांनी उतारवयात आपल्या छंदाकडे वळवली. २००८ साली त्यांनी ‘डब्ल्यूएसपीआर’ ही पद्धत काढली, जिला सगळे ‘व्हिस्पर’ म्हणतात. २०१७ साली स्टीव्ह फ्रँक यांच्याबरोबर ‘एफटी८’ आणली. आज शॉर्टवेव्हवर बँड कुठलाही लावा, तिचा किणकिणाट ऐकू येतोच.

व्हिस्परमध्ये संदेश एवढाच: माझं कॉलसाइन (रेडिओवरचं ओळखनाव), माझी जागा, माझी शक्ती. पन्नास बिटांचा हा मजकूर जवळजवळ दोन मिनिटं लावून, अगदी सावकाश पाठवायचा. सावकाश पाठवल्यामुळे गोंगाट सिग्नलच्या सहाशे पट असला तरी पलीकडचा संगणक तो वाचू शकतो. कानाला तिथे काहीही ऐकू येत नसतं. जागा सांगण्यासाठी पृथ्वीचे चौकोन पाडलेले आहेत. आपला चौकोन एमके८९. जवळजवळ सगळा हिंगोली जिल्हा त्यात बसतो, परभणी आणि नांदेड शहरंही त्यातच. ऑस्ट्रेलियातल्या कुणाच्या पडद्यावर ही चार अक्षरं उमटली की त्याला बसमत आणि कळमनुरीत भेद कळत नाही, त्याला त्याची गरजही नसते.

आता शक्तीचं गणित, कारण नवशिक्याची पहिली शंका तीच असते: पाच वॅटमध्ये काय होणार? घरातला एलईडी दिवा नऊ वॅटचा असतो. शंका रास्त आहे, पण ती वॅटकडे बघून येते, कानाकडे बघून येत नाही. बाजारात मिळणारा नेहमीचा हॅम सेट शंभर वॅटचा. शंभरवरून पाचवर आलो म्हणजे शक्ती वीसपट घटली, डेसिबलमध्ये मोजली तर तेरा. रिसीव्हरच्या एस-मीटरवर सहा डेसिबलचं एक घर. म्हणजे जो आपल्याला शंभर वॅटवर ‘एस सात’चा रिपोर्ट देत होता, तो पाच वॅटवर ‘एस पाच’पेक्षा जरा कमी देईल. दोन घरं खाली. तिथे शांतता असेल तर तो तेवढ्याच आरामात आपल्याशी बोलेल.

उलट, तोच बँड सकाळी सातला आणि दुपारी एकला ऐकून पाहा. दोन घरं कशाला, सबंध मीटर कोसळलेला दिसेल. आणि पुन्हा संध्याकाळी तिसरंच काही. सेट मोठा घेऊन जे मिळतं त्याहून कितीतरी जास्त वेळ ओळखून मिळतं. या पुस्तकाचा निम्म्याहून अधिक भाग सर्किटवर खर्च न करता आभाळावर खर्च केला आहे तो यासाठी. काही मित्रांना हे आवडलेलं नाही. सोल्डरिंगची प्रकरणं अजून हवी होती, असं त्यांचं म्हणणं. पण सोल्डरिंग शिकवणारी पुस्तकं पुष्कळ आहेत. हिंगोलीवरचं आयनांबर कसं वागतं हे मराठीत सांगणारं मला एकही सापडलं नाही.

आयनांबर म्हणजे साधारण साठ किलोमीटरपासून वर पसरलेला, सूर्याच्या क्ष-किरणांनी आणि अतितीव्र अतिनील किरणांनी अणूंचे इलेक्ट्रॉन सुटे केलेला वातावरणाचा भाग. त्याचे थर अक्षरांनी ओळखले जातात. सर्वांत खालचा ‘डी’. हा फक्त दिवसा असतो आणि त्याचं आपल्याशी वैर आहे, कारण तो लहरी परत पाठवत नाही, गिळतो, आणि वारंवारता जितकी कमी तितक्या जास्त गिळतो. त्याच्या वर ‘ई’. आणि दोनशे-तीनशे किलोमीटरच्या पुढे ‘एफ’, ज्याच्या भरवशावर आपलं सगळं चालतं. ‘एफ’वरून एका उडीत लहर चार हजार किलोमीटरपर्यंत जाते, तिथे जमिनीवर आदळून पुन्हा वर. सूर्य मावळला की ‘डी’ बघता बघता नाहीसा होतो. ‘एफ’ मात्र रात्रभर टिकतो, फक्त विरळ होत जातो. मराठवाड्यातली जुनी माणसं ‘रात्री रेडिओ चांगला लागतो’ म्हणायची, त्यामागे एवढंच होतं.

ती माणसं काय ऐकत होती याचीही एक गंमत आहे. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचा कट्टर भोक्ता. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी हद्दपार झाल्यासारखीच झाली. श्रोता रुसून बसला नाही, त्याने सुई फिरवली आणि रेडिओ सिलोन लावला. बुधवारी रात्री आठला अमीन सयानींची बिनाका गीतमाला. १९५७ च्या ऑक्टोबरात विविध भारती सुरू झाली तोवर लोकांना कोलंबोची सवय लागून गेली होती. गाणं चालू असताना मध्येच विरायचं, पार बुडायचं, आणि अंतऱ्यापाशी पुन्हा वर यायचं. सेल उतरले असतील म्हणून लोक सेट थोपटायचे. सेलचा काही दोष नव्हता. कोलंबोहून निघालेली लहर दोन वेगवेगळ्या वाटांनी यायची, आयनांबर हलतं असल्याने त्या वाटांची लांबी सतत बदलायची, आणि दोन्ही लहरी कधी एकमेकींत मिसळायच्या, कधी एकमेकींना खोडायच्या. हॅमच्या भाषेत हे क्यूएसबी. केसकरांमुळे निदान एवढं झालं की एका अख्ख्या पिढीला शॉर्टवेव्हचं फेडिंग कानाने पाठ झालं.

कोलंबो आजही आपल्या कामाचं आहे. हौशी मंडळींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने जगभर अठरा बीकन, म्हणजे आपोआप सिग्नल सोडणारे ट्रान्समीटर, ठरवून दिले आहेत. सगळे आळीपाळीने, एकाच वारंवारतेवर, प्रत्येकाला दहा सेकंद. तीन मिनिटांत जगाची एक फेरी पुरी. श्रीलंकेच्या बीकनचं कॉलसाइन ४एस७बी. १४.१०० मेगाहर्ट्झवर कान लावून बसलं की मोर्समध्ये आधी कॉलसाइन येतं, मग चार लांब डॅश. पहिला शंभर वॅटचा, दुसरा दहाचा, तिसरा एकाचा, चौथा एकदशांश वॅटचा. कल्पना साधी आणि फार हुशारीची आहे. चारपैकी किती डॅश ऐकू येतात, यावरून त्या दिशेचा रस्ता किती मोकळा आहे हे दहा सेकंदांत कळतं, कोणतंही कोष्टक न उघडता. हिंगोलीहून कोलंबो सुमारे साडेचौदाशे किलोमीटर. शेतातल्या आखाड्यावर, चांगल्या दिवशी, तिसरा डॅश स्पष्ट मिळतो. पहिल्यांदा तो ऐकताना मी ज्याच्याबरोबर होतो त्या पोराने विचारलं, ‘‘काका, हा एका वॅटचा? मग आपले पाच वॅट तर लई झाले की.’’ याहून चांगलं प्रास्ताविक मला लिहिता आलेलं नाही.

आपल्या जागेचं एक वैशिष्ट्य मात्र परदेशी पुस्तकं वाचून कळत नाही, कारण ती बहुतेक युरोप-अमेरिकेच्या आभाळावर लिहिलेली असतात. पृथ्वीचं चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं. केरळातल्या थुंब्याला रॉकेट सोडण्याचं केंद्र झालं आणि २१ नोव्हेंबर १९६३ ला तिथून पहिलं रॉकेट उडालं, त्यामागचं कारणही हेच होतं. दिवसा या रेषेवरच्या आयनांबराला वर ढकललं जातं आणि वर गेलेला सगळा ऐवज चुंबकीय रेषांवरून घरंगळत उत्तरेला आणि दक्षिणेला उतरतो. शास्त्रज्ञ याला कारंज्याचा परिणाम म्हणतात. उत्तरेकडची रास सर्वसाधारणपणे अहमदाबाद-भोपाळच्या पट्ट्यात पडते. हिंगोली १९.७ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कारंजं आणि रास यांच्या मधे, राशीच्या बाजूला. त्यामुळे दुपारनंतर आपल्यावरचा ‘एफ’ थर लंडन-न्यूयॉर्कवरच्यापेक्षा पुष्कळ दाट असतो आणि २१ किंवा २८ मेगाहर्ट्झसारखे उंच बँड तिकडे झोपलेले असतानाही आपल्याकडे उघडे सापडतात. पाच वॅटवाल्याला उंच बँड म्हणजे पर्वणी. ‘डी’ थर तिथे फारसं गिळत नाही आणि अँटेनाही छोटी लागते.

याची किंमतही आपणच मोजतो. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात, सूर्य जोरात असलेल्या वर्षी, अंधार पडल्यावर विषुववृत्ताकडच्या आयनांबरात बुडबुडे उठतात. सिग्नल थरथरायला लागतो. मोर्सचा सरळ सूर फाटल्यासारखा येतो, बोलणं पाण्याखालून आल्यासारखं. नवशिका अशा वेळी सेट उघडून बसतो. उघडू नये, जेवून घ्यावं. दहा-अकराच्या पुढे बहुधा निवळतं. आयनांबराचा हा स्वभाव महाराष्ट्रात वर्षानुवर्षं अभ्यासला जातो. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाच्या आवारात भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं केंद्र आहे. आणि नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही तीस तबकड्यांची रेडिओ दुर्बीण उभारताना जागेच्या अटींत दोन गोष्टी होत्या: माणसाने केलेला रेडिओ गोंगाट कमी हवा, आणि चुंबकीय विषुववृत्तापासून पुरेसं उत्तरेला असावं, म्हणजे वरचं आयनांबर त्यातल्या त्यात शांत मिळेल. खोडद आणि हिंगोली अक्षांशाने जवळजवळ शेजारी आहेत. खोडदला जे चाललं ते आपल्याला चालायला हरकत नाही.

हे झालं रोजचं. त्याच्यावर सूर्याचं अकरा वर्षांचं चक्र. सौरडाग वाढले की आयनांबर दाट होतं, घटले की विरळ. सध्याचं पंचविसावं चक्र डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालं. ते मागच्या चोविसाव्या चक्रासारखंच फिकं जाईल असा तज्ज्ञांचा अंदाज होता; सूर्याने तो मानला नाही. २०१४ साली चोविसाव्या चक्राचा सरासरी सौरडाग-आकडा ११६ वर थांबला होता, या वेळी ऑक्टोबर २०२४ मध्ये तो १६१ च्या घरात पोचला. त्या काळात २८ मेगाहर्ट्झवर पाच वॅट आणि एक तार एवढ्यावर लोकांनी खंड ओलांडले. ज्यांनी हॅम रेडिओ २०२३-२४ मध्ये सुरू केला त्यांना वाटतं, हे असंच असतं. असं नसतं. आता उतार लागला आहे, आणि दशकाच्या अखेरीस हाच बँड आठवडेच्या आठवडे मुका राहील.

सूर्य जोरात असणं आणि बँड चांगला असणं यांतही फरक आहे. सौरज्वालेचे क्ष-किरण आठ मिनिटांत पृथ्वीवर पोचतात, ‘डी’ थर एकदम फुगतो आणि दिवसाच्या बाजूची शॉर्टवेव्ह कुणी बटण बंद करावं तशी गप्प होते. त्यामागोमाग, एक ते तीन दिवसांनी, सूर्याने फेकलेला वायूचा लोट येऊन भूचुंबकीय वादळ उठवतो. १०-११ मे २०२४ च्या वादळात लडाखमधल्या हानलेच्या आभाळात लाल प्रकाश दिसला. त्याची छायाचित्रं सगळ्यांनी पाहिली. आम्ही मात्र त्या दिवसांत मेलेल्या बँडवर अँटेनाचा कनेक्टर सुटला का ते तपासत होतो.

अशा वादळांचा इतिहास लिहायचा तर त्यात मुंबईचं पान मोठं आहे. १ आणि २ सप्टेंबर १८५९ ला, ज्याला कॅरिंग्टनचं वादळ म्हणतात ते आलं, तेव्हा कुलाब्याच्या वेधशाळेतली माणसं चुंबकसूचीचं वाचन डोळ्यांनी घेऊन वहीत उतरवत होती. सुमारे १,६०० नॅनोटेस्लाची घसरण त्यांनी नोंदवली. आजच्या शास्त्रज्ञांना त्या वादळाचा जोर ठरवायचा असतो तेव्हा कुलाब्याची ती वही उघडावी लागते. पुढे मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार असं ठरलं, आणि ट्रामच्या प्रवाहाने चुंबकीय नोंदी बिघडतील म्हणून वेधशाळेने १९०४ मध्ये अलिबागला लोखंड टाळून नवी इमारत बांधली. शांततेसाठी बिऱ्हाड हलवण्याची रीत आपल्याकडे दुधाळ्याच्या शंभरेक वर्षं आधीची आहे.

आता जरा माणसांकडे वळू. भारतात हौशी रेडिओचा परवाना १९२१ पासून दिला जातो. दुसरं महायुद्ध लागल्यावर १९३९ मध्ये सरकारने हौशी लोकांना सेट पोलिसांकडे जमा करायला सांगितले. नरिमन प्रिंटर या मुंबईच्या हॅमने आपल्या ट्रान्समीटरचे भाग सुटे करून ठेवले होते. १९४२ च्या ऑगस्टमध्ये ते कामी आले. बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी चालवलेला काँग्रेस रेडिओ २७ ऑगस्टला सुरू झाला, मुंबईत जागा बदलत चालला आणि १२ नोव्हेंबरला पकडला गेला. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली. प्रिंटर यांनीच पोलिसांना ठिकाण दाखवलं, हाही इतिहास आहे. त्या केंद्राची तरंगलांबी ४२.३४ मीटर. गणित करून पाहिलं तर ती येते ७.०८ मेगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे आज आपण ज्याला ‘चाळीस मीटर’ म्हणतो आणि रोज सकाळी महाराष्ट्रभर गप्पा मारतो, त्याच बँडच्या आत. दिवसा या वारंवारतेची लहर जवळजवळ सरळ वर जाऊन खाली पडते आणि तीन-चारशे किलोमीटरचा परिसर भरून काढते. रात्र वाढली की ‘एफ’ विरळ होतो, सरळ वर गेलेली लहर तो अडवू शकत नाही, आणि मग हिंगोलीला नांदेड ऐकू येत नाही पण हजारो किलोमीटरवरचं रशियन केंद्र घरात बसल्यासारखं बोलतं.

दुसरा माणूस आपल्या जुन्या राजधानीचा. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हिंगोली निजामाच्या राज्यात होती आणि अडलं-नडलं की माणूस हैदराबादचा रस्ता धरायचा. क्यूआरपीवाल्याला आजही तोच धरावा लागतो. हैदराबादच्या अशर फरहान यांनी २००३ साली ‘बिटएक्स’ नावाचा सेट आखला. साधारण सहा वॅट, चौदा मेगाहर्ट्झ, आणि भाग असे की जिल्ह्याच्या ठिकाणच्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात मिळावेत. परदेशी आराखड्यांत जिथे आयात केलेले फेराइटचे गाभे लागत, तिथे फरहान यांनी नळाच्या नायलॉनच्या वायसरांवर तार गुंडाळली. जगभरच्या हौशी लोकांनी तो सेट बांधला. पुढे त्याचे तयार बोर्ड निघाले आणि ते हैदराबादहून देशोदेशी गेले. आपल्या छंदात जगाकडून घेण्याची सवय इतकी पक्की आहे की हे उलटं झालेलं उदाहरण मुद्दाम सांगावं लागतं.

वायसरांची गोष्ट वाचून मला आपल्या गावातल्या सामानाचा हिशेब सुचला. वीस मीटर बँडच्या डायपोलला दोन्ही बाजूंना पाच-पाच मीटर तार लागते. बसमतला किंवा हिंगोलीला मोटर रिवाइंडिंगच्या कुठल्याही दुकानात एनॅमलची तांब्याची तार वजनावर मिळते. दुकानदाराला ‘अठरा गेज’ सांगायचं, अँटेना म्हटलं तर तो डिशवाल्याकडे पाठवतो. इन्सुलेटर म्हणून ड्रिपच्या लॅटरलचे तुकडे. दोर नायलॉनचा. एक टोक कडुनिंबाला, दुसरं आखाड्याच्या वाशाला. आणि वीज? फवारणीच्या बॅटरी पंपात बारा व्होल्टची, आठ किंवा बारा अँपिअर-अवरची बॅटरी असते. सोयाबीनवरची फवारणी आटोपली की ती कोपऱ्यात पडून राहते. पाच वॅटचा सेट बोलताना एक-दीड अँपिअर ओढतो आणि नुसता ऐकताना त्याच्या अंशभर. एका चार्जमध्ये संध्याकाळ आरामात निघते. पंप मात्र धुऊन, बॅटरी बाहेर काढून घ्यावी. कीटकनाशकाच्या वासात मोर्स घेणं बरं नव्हे.

शेतावर जाण्याचा आग्रह आहे तो हौसेचा नाही. गावातला गोंगाट गेल्या दहा-पंधरा वर्षांत फार वाढला. स्वस्त एलईडी, मोबाईलचे चार्जर, इन्व्हर्टर, टीव्हीचे सेट-टॉप बॉक्स. प्रत्येकात झपाट्याने चालू-बंद होणारं सर्किट, आणि त्या प्रत्येकाची कुरकुर शॉर्टवेव्हवर. आता शेतातही सौरपंपांचे कंट्रोलर आले आहेत. ते नकोत असं कोण म्हणेल? रात्री-अपरात्री पाणी द्यायला जाणं ज्याने केलं आहे तो तर नाहीच म्हणणार. पण दिवसा त्यांच्याजवळ रिसीव्हर चालत नाही हेही खरं. थ्री-फेज गेली की काय होतं ते एकदा मीटरवर बघण्यासारखं आहे. शिवारातल्या मोटरी एका दमात बंद होतात, एस-मीटरचा काटा सहा-सातवरून दीड-दोनवर येतो, आणि ज्या जागी नुसती खरखर होती तिथे दोन जपानी स्टेशनं बोलत असलेली निघतात. लोडशेडिंगला मनापासून दुवा देणारी जात भारतात बहुधा एकच असेल. दुधाळ्याला जपायची आहे ती जमिनीची शांतता. या दुसऱ्या शांततेची काळजी अजून कुणी घेत नाही. आपल्याला जे मोफत मिळालं त्यात ही एक गोष्ट होती आणि ती हळूहळू जाते आहे.

मे महिन्यात मात्र निसर्गच गोंगाट करतो. वळवाचे ढग पन्नास कोसांवर असले तरी त्यांतल्या विजांचा कडकडाट ७ मेगाहर्ट्झवर ऐकू येतो, मृग निघेपर्यंत ही कटकट चालते. ढग जवळ दिसला की अँटेनाची केबल सेटपासून काढून झोपडीबाहेर टाकायची आणि आपण त्या तारेपासून लांब व्हायचं. आपल्या भागात दर पावसाळ्याच्या तोंडावर शेतात माणसं आणि जनावरं वीज पडून दगावतात. या बाबतीत पुस्तकात जे लिहिलं आहे त्यात कसलीही सूट घेऊ नये.

परवान्याचं प्रकरण सर्वांत आधी ठेवलं आहे. ऐकायला परवाना लागत नाही, बोलायला लागतो. केंद्राच्या दूरसंचार विभागाची वायरलेस शाखा परीक्षा घेते. बाराव्या वर्षापासून बसता येतं. रिस्ट्रिक्टेड आणि जनरल असे दोन दर्जे, पहिल्याला कॉलसाइन व्हीयू३ ने सुरू होणारं, दुसऱ्याला व्हीयू२ ने. जनरलला मोर्स यावं लागतं. अल्पशक्तीवाल्याने मोर्स टाळू नये, कारण जिथे बोलणं बुडतं तिथे मोर्सचा एकसुरी ठोका तरतो. परवाना हाती यायला वेळ लागतो, त्यात पोलीस चौकशी असते, आणि वायरलेस म्हटल्यावर गावात भुवया उंचावतात. पाच वॅट म्हणजे काय हे ठाण्यात समजावून सांगायची तयारी ठेवावी. विनापरवाना बटण दाबू नये, मग शक्ती एक वॅट का असेना.

हॅम रेडिओचं समर्थन करताना आपत्तीचा दाखला द्यायची पद्धत आहे. तो खोटा नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा हौशी रेडिओवाले लातूरकडे धावले होते, आणि बॅटरीवर चालणारा छोटा सेट अशा वेळी मोठ्या मनोऱ्यापेक्षा आधी उभा राहतो. पण पोराला छंद लावायचा तर त्याला भूकंपाची वाट बघायला सांगू नये. कोलंबोचा तिसरा डॅश ऐकू येतो की नाही, एवढं कुतूहल पुरेसं आहे.

शेवटी तक्त्यांबद्दल. परिशिष्टात कुठल्या महिन्यात, किती वाजता, कुठला बँड कुठे उघडतो याची कोष्टकं दिली आहेत. ती सौरचक्राच्या माथ्यावरच्या वर्षांतल्या नोंदींवरून तयार झाली आहेत, म्हणजे छापून होईपर्यंतच ती थोडी शिळी झालेली असणार. २८ मेगाहर्ट्झचा रकाना आधी खोटा ठरेल, मग २४, मग २१. सात आणि दहा मेगाहर्ट्झचे रकाने टिकतील. सूर्य मंदावल्यावर हिवाळ्यातल्या रात्री तिथे उलट जास्त शांतता मिळेल, फक्त सात मेगाहर्ट्झवर पहाटे जवळची स्टेशनं सापडणार नाहीत. प्रत्येक रकान्यापुढे मुद्दाम कोरी जागा सोडली आहे. पेन्सिलीने लिहा.